सुपरमॅन जन्मायच्या ३० वर्षं आधी पोरांच्या धोतरावर एका हिरोचं नाव होतं : खुदीराम बोस

शाळेत वेशभूषा स्पर्धा असली की रांगेत दोन-तीन स्पायडरमॅन, एखादा बॅटमॅन आणि त्यांच्या मधोमध काजळाने मिशा काढलेला एक भगतसिंग हमखास दिसतो. मग पालकांमध्ये ठरलेली चर्चा सुरू होते. आजकालच्या पोरांना देशासाठी लढलेली माणसं ठाऊक नाहीत, नुसते कार्टूनमधले हिरो पाठ आहेत.

सुपरमॅन पहिल्यांदा कॉमिकमध्ये आला तो १९३८ साली. त्याच्या ३० वर्षं आधी बंगालमधल्या शाळा-कॉलेजच्या पोरांनी आपला हिरो निवडला होता. त्याचे फोटो धडाधड विकले जात होते. आज टी-शर्टवर सुपरहिरोचा लोगो असतो, तसं तेव्हा धोतराच्या काठात विणकरांनी त्याचं नाव विणलं होतं आणि तरुण पोरं ती धोतरं मिरवत होती. ज्या व्हॅलेंटाईन चिरोलवर टिळकांनी पुढे लंडनमध्ये खटला भरला, त्या इंग्रज पत्रकाराच्या पुस्तकातही या धोतरांची नोंद आहे.

ते नाव होतं खुदीराम बोस. वय १८ वर्षं, ८ महिने, ८ दिवस.

मूठभर कणीला विकलेला मुलगा

३ डिसेंबर १८८९ ला मिदनापूर जिल्ह्यात त्याचा जन्म झाला. आधीचे दोन मुलगे दगावले होते. तिसरा तरी जगावा म्हणून आईने रिवाजाप्रमाणे त्याला थोरल्या मुलीला 'विकलं'. किंमत, तीन मुठी तांदळाची कणी. बंगालीत कणीला खुद म्हणतात, म्हणून तो खुदीराम. आपल्याकडे मूल जगावं म्हणून दगडू, धोंडू, भिकाजी अशी नावं ठेवायचे, त्यातलाच हा प्रकार.

मुलगा जगला, पण आईबाप गेले. तो सहा वर्षांचा असताना आई वारली, पुढच्याच वर्षी वडील. 'विकत' घेणाऱ्या बहिणीनेच, अपरूपाने, त्याला वाढवलं.

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली तेव्हा तो मिदनापूरला शाळेत होता. सत्येंद्रनाथ बोस नावाच्या क्रांतिकारकाच्या संगतीत आला आणि अभ्यास मागे पडला. १९०६ मध्ये एका प्रदर्शनात सरकारविरोधी पत्रकं वाटताना पोलिसांनी धरलं, तर हिसडा देऊन पळाला. पुढे सापडला, पण वय बघून खटला काढून घेतला गेला.

किंग्जफोर्ड कोण होता?

कलकत्त्याचा मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट. राष्ट्रीय वृत्तपत्रांच्या संपादकांना शिक्षा ठोठावण्यात त्याचं नाव गाजलेलं. पण पोरांच्या मनातून तो उतरला तो वेगळ्याच कारणाने. १९०७ मध्ये कोर्टाबाहेर पोलिसांशी झटापट केली म्हणून सुशील सेन या १५ वर्षांच्या मुलाला त्याने वेताचे १५ फटके मारायला लावले. म्हणजे हा राग नुसता इंग्रजांवरचा नव्हता, आपल्याच वयाच्या पोराची पाठ फोडणाऱ्या माणसावरचा होता.

किंग्जफोर्डला मारायचं ठरलं. कायद्याचं जाडजूड पुस्तक कोरून त्यात बॉम्ब घालून पाठवला, पण साहेबाने पुस्तक उघडलंच नाही. मग त्याची बदली बिहारमध्ये मुझफ्फरपूरला झाली आणि त्याच्या मागावर दोघांना पाठवण्यात आलं. खुदीराम आणि प्रफुल्ल चाकी. दोघांनी खोटी नावं घेतली, धर्मशाळेत मुक्काम ठोकला आणि साहेबाची रोजची वाट बघून ठेवली.

३० एप्रिल १९०८ ची रात्र

साहेब त्या संध्याकाळी युरोपियन क्लबात पत्ते खेळत होता. सोबत त्याची बायको आणि प्रिंगल केनेडी या बॅरिस्टरची बायको व मुलगी. साडेआठच्या सुमारास डाव मोडला आणि मंडळी घरी निघाली. दोन गाड्या होत्या, जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या. अंधारात पुढे आलेल्या गाडीवर बॉम्ब पडला.

त्या गाडीत केनेडी मायलेकी होत्या. मुलगी थोड्याच वेळात गेली, आई दोन दिवसांनी. किंग्जफोर्ड मागच्या गाडीत होता. त्याला ओरखडाही आला नाही.

लहान मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींत ही जागा सहसा एका ओळीत उरकलेली असते. नेम चुकला, एवढंच. दोन बायका, ज्यांनी कुणाला फटके मारायला लावले नव्हते, त्या कुठेच येत नाहीत. सुपरहिरोच्या सिनेमात अख्खी इमारत कोसळते आणि खाली कोण होतं हे कुणी विचारत नाही, तसंच काहीसं.

दोघे दोन दिशांना पळाले. खुदीराम रात्रभर रुळांच्या कडेने अनवाणी चालत राहिला, जवळपास २५ मैल. सकाळी वैनी स्टेशनवर पोहोचला आणि खायला-प्यायला दुकानाशी थांबला. धुळीने माखलेले पाय आणि दमलेला चेहरा बघून दोन शिपायांना संशय आला. झटापटीत त्याच्याकडचं पिस्तूल खाली पडलं. तिकडे प्रफुल्लला मोकामा स्टेशनवर पोलिसांनी घेरलं तेव्हा त्याने स्वतःला गोळी घालून घेतली.

खुदीरामला हे माहीत नव्हतं. सोबती वाचावा म्हणून त्याने सगळा दोष स्वतःकडे घेतला. जबाब संपला आणि मग प्रफुल्लचा मृतदेह मुझफ्फरपूरला आला.

खटल्यात काही वकिलांनी फी न घेता त्याची बाजू मांडली. १३ जूनला फाशीची शिक्षा झाली तेव्हा तो हसत होता, इतका की याला शिक्षा कळली तरी का, असा प्रश्न न्यायाधीशाला पडला. अपील करायला तो तयार नव्हता. जन्मठेप झाली तर पुढे देशाच्या कामी येता येईल, असं वकिलांनी समजावल्यावर तयार झाला. हायकोर्टात वकिलांनी मुद्दा मांडला की बॉम्ब प्रफुल्लनेही टाकलेला असू शकतो. पण खुदीरामचा स्वतःचा जबाबच त्याच्या आड आला. ११ ऑगस्ट १९०८ ला सकाळी मुझफ्फरपूरच्या तुरुंगात त्याला फाशी झाली.

पुण्यात काय घडलं?

या बॉम्बचे पडसाद थेट महाराष्ट्रात उमटले. टिळकांनी 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' हा अग्रलेख लिहिला, मग 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा. बॉम्बचं समर्थन त्यात नव्हतं. पण पोरांनी बॉम्ब हातात घ्यावा अशी वेळ दडपशाहीनेच आणली, हे टिळकांनी स्पष्ट सांगितलं. याच लेखांवरून राजद्रोहाचा खटला झाला. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा, मग मंडाले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी टिळकांसाठी सहा दिवस संप केला. खुदीरामला फाशी झाली तेव्हा टिळक साबरमतीच्या तुरुंगात होते.

बंगालमध्ये दोन-तीन दिवस शाळा बंद राहिल्या. फोटो विकले गेले, धोतरं विणली गेली आणि एक गाणं गावोगाव पोहोचलं. बांकुड्याचे लोककवी पीतांबर दास यांच्या नावावर ते सांगितलं जातं. १९६६ च्या 'सुभाषचंद्र' या बंगाली सिनेमात ते लता मंगेशकरांनी गायलं आणि आज यूट्यूबवर सहज सापडतं.

त्या गाण्यात खुदीराम आईचा निरोप घेतो. मी मावशीच्या घरी पुन्हा जन्म घेईन, ओळखू आलो नाही तर गळ्यावरचा फासाचा वळ बघ, असं तिला समजावतो. पाठ्यपुस्तकं जे वगळतात ते या गाण्याने ठेवलं आहे. मारायला गेलो एकाला आणि मारलं भलत्याला, हे खुदीराम त्यात स्वतःच्या तोंडाने कबूल करतो.

ज्या आईला तो हे सांगतो, ती तर त्याच्या सहाव्या वर्षीच गेली होती.