आचार्य धर्मानंद कोसंबी : बुद्ध मराठीत आणणारा वाटसरू

आपल्या विहारात दर पौर्णिमेला आपण त्रिसरण-पंचशील घेतो. लहान मुलेसुद्धा न अडखळता म्हणतात. ही पाली भाषा आपल्या तोंडी इतकी बसली आहे की सव्वाशे वर्षांपूर्वी उभ्या महाराष्ट्रात ती शिकवणारी शाळा नव्हती, शिकायची म्हटले तरी कोठे जावे हे कोणी सांगू शकत नव्हते, हे ध्यानातही येत नाही. बुद्धाचा संघ, बुद्धाची लेणी सारे याच देशातले. पण त्याचे शब्द वाचायचे तर समुद्र ओलांडून सिंहलद्वीपाला जावे लागे. गोव्याच्या एका खेड्यातला, जेमतेम मराठी चार-पाच इयत्ता शिकलेला तरुण खरोखरच तिथवर गेला आणि जे मिळाले ते घेऊन परत आला. त्याचे हे चरित्र आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. वडील दामोदर, आई आनंदीबाई. जातीने गौड सारस्वत ब्राह्मण, पण घरची श्रीमंती नव्हती. नारळाची बागायत होती, तिच्यावर घर चाले. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य. मराठी शिक्षणाची सोय बेताची, त्यात मुलाची प्रकृती किरकोळ. शाळा लौकर सुटली आणि मुलगा नारळाच्या बागेत राबू लागला. १८९१ साली, त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच, बाळाबाईंशी लग्न झाले. असे हजारो संसार तेव्हा चालत होते, हाही तसाच चालला असता.

पण मुलाला वाचनाचे वेड होते. हाती येईल ते मराठी पुस्तक तो वाची. तुकारामाचे अभंग वाची. ‘बालबोध’ नावाचे मुलांचे मासिक तेव्हा मुंबईहून निघे, त्यात बुद्धावर एक लेख आला होता. तो वाचून या तरुणाच्या मनाने जो ठाव घेतला तो कायमचा. आपल्याला यात नवल वाटू नये. पुढे दहा वर्षांनी, मुंबईत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. कोण कुठले पुस्तक कोणाच्या हाती पडेल आणि काय करून जाईल, सांगता येत नाही.

बुद्धाचा धर्म मूळ ग्रंथांतून समजून घ्यायचा, एवढे एकच धर्मानंदांनी मनाशी धरले. १८९९ च्या डिसेंबरात ते घर सोडून निघाले. घरी बाळाबाई होत्या आणि त्याच वर्षी जन्मलेली तान्ही मुलगी माणिक. ही गोष्ट सांगताना पुष्कळ लेखक सिद्धार्थाच्या गृहत्यागाशी तुलना करून मोकळे होतात. मला तसे करवत नाही. मागे राहिलेल्या बाईने त्या काळात नवऱ्यावाचून सात वर्षे कशी काढली असतील, लोकांची बोलणी किती ऐकली असतील, याचा हिशेब कोणत्याही ग्रंथात नाही. धर्मानंदांच्या विद्येची किंमत त्यांनी एकट्याने दिली नाही, बाळाबाईंनीही दिली.

पहिला मुक्काम पुणे. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पाली यायला हवी तर आधी संस्कृत पक्के हवे, म्हणून ते ग्वाल्हेरवरून काशीला गेले. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्रीबुवांकडे व्याकरण घोकायचे, अशी दोन वर्षे काढली. खिशात पैसा नाही, अंगावर धड कपडा नाही. नेपाळात बौद्ध धर्म अजून जिवंत आहे असे ऐकले म्हणून १९०२ साली ते नेपाळात गेले. तेथे जे दिसले त्याने मन खट्टू झाले. बुद्धाच्या नावाने कर्मकांड चालले होते, विद्या कोठे दिसेना. तेथून ते बुद्धगयेला आले, मग कलकत्त्याला महाबोधी सभेत आणि तेथून सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला.

कोलंबोत सुमंगल महास्थविरांचे विद्योदय परिवेण हे विद्यालय होते. तेथे धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पाली शिकले. चोवीस-पंचवीस वर्षांचा माणूस, नवी लिपी, नवी भाषा, नवे अन्न. पण ज्यासाठी घर सोडले ते पुढ्यात आले होते. सिंहली लिपीत झाले, मग ब्रह्मदेशात जाऊन तिथल्या लिपीत ग्रंथ वाचले, तिथल्या भिक्खूंबरोबर राहिले, ध्यानाचा अभ्यास केला. भारतात परत येऊन कुशिनाराही पाहिली.

येथे त्यांच्या आयुष्यातले खरे वळण आहे. चीवर अंगावर होते, विद्या मिळाली होती. कुठल्या तरी विहारात शांतपणे आयुष्य काढता आले असते. पण आपल्याला कळले ते आपल्या लोकांना कसे कळणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९०६ साली त्यांनी चीवर उतरवले आणि कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात पालीचे शिक्षक झाले. पुढे कलकत्ता विद्यापीठातही पाली शिकवू लागले. याच सुमारास ते घरी जाऊन बाळाबाईंना भेटले, संसार पुन्हा जुळला. १९०७ साली मुलगा झाला, त्याचे नाव आजोबांचे, दामोदर. हेच पुढचे जगप्रसिद्ध गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी.

कलकत्त्यात पगार चांगला होता, मान होता. पण बंगाल्यांना पाली शिकवत बसलो तर महाराष्ट्राला काय मिळाले? बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज म्हणाले की महाराष्ट्रात कोठेही राहा, महिना ५० रुपये देतो, ग्रंथ लिहा. (हेच सयाजीराव पुढे भीमराव आंबेडकरांना अमेरिकेला पाठवणारे.) धर्मानंदांनी मोठा पगार सोडून ५० रुपये पत्करले आणि इकडे आले. भांडारकरांच्या मदतीने मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली. प्रार्थना समाजाच्या वर्तुळात त्यांची महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांशी मैत्री झाली, ते अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा-वसतिगृहे चालवत होते. आणि १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे छोटेखानी मराठी पुस्तक निघाले.

त्याच साली त्यांना अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या थोर ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचे काम एका अमेरिकन पंडिताच्या निधनाने अर्धवट पडले होते. ते पुरे करायला पाली हाडीमांसी खिळलेला माणूस हवा होता. विचार करा, ज्याने इंग्रजी शाळेचे तोंड पाहिले नाही तो हार्वर्डला काम करायला गेला! तेथे श्रेयाच्या नावावरून मतभेद झाले, काम लांबले, धर्मानंद १९१२ ला परत आले. पुढे आणखी तीन वेळा तेथे गेले. १९१८ च्या खेपेला माणिक आणि दामोदर यांना बरोबर नेले, दोघेही तिकडे शिकले. ज्या मुलीला तान्हेपणी सोडून गेले तिला बापाने उच्च शिक्षण दिले. बाळाबाई मात्र धाकट्या मुलींसह मागेच राहिल्या.

१९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे यांच्यासारखे पालीचे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. म्हणजे महाराष्ट्रात पालीची जी परंपरा आज दिसते तिची मुळे त्या वर्गात आहेत. १९२२ ते १९२५ अहमदाबादला गुजरात विद्यापीठात होते. रशियातल्या लेनिनग्राडलाही जाऊन आले. हे सगळे प्रवास मी भरभर सांगतो आहे, कारण या माणसाचे मोठेपण प्रवासात नाही, त्याच्या मराठीत आहे. एवढा जग पाहिलेला विद्वान, लिहितो मात्र असे की सातवी शिकलेल्याला कळावे. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, जातककथा, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्ध संघाचा परिचय’, ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’, आणि १९२४ चे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र, कोणतेही उघडा, पंडिती डामडौल नाही.

आता त्यांच्या सर्वात महत्त्वाच्या पुस्तकाकडे येऊ. ‘भगवान बुद्ध’ दोन भागांत १९४०-४१ साली निघाले. त्यातली एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याची आहे. सिद्धार्थाने घर का सोडले? जुनी कथा अशी, की म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून. धर्मानंदांनी मूळ सुत्ते काढून दाखवले की ही कथा मुळात विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाची आहे, ती नंतर गौतमाला चिकटवली गेली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे पटण्यासारखेही नाही. सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तात स्वतः बुद्ध सांगतात की शस्त्र उचलून आपापसांत भांडणारी माणसे पाहून मनात भय आणि वैराग्य उपजले. शाक्य आणि कोलिय यांचे रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होते. धर्मानंदांनी गृहत्यागाचा संबंध त्या भांडणाशी जोडला.

पाण्याचे भांडण! महाडच्या चवदार तळ्याचा लढा ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिला त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. आणि बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात काय केले? त्यांनीही चार दृश्यांची कथा बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूला सारली, रोहिणीचे पाणी, शाक्य संघाचा युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा विरोध आणि देशत्याग हीच कथा सांगितली. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी येऊन तीच नदी गाठली. बुद्ध हा दुःखाला घाबरून पळालेला राजपुत्र नव्हे, समाजातल्या तंट्याचे उत्तर शोधायला निघालेला माणूस, हे दोघांनीही सांगितले.

याच पुस्तकात बुद्धकाळी श्रमण मांस खात होते का, यावर एक प्रकरण आहे. त्यावरून जैन मंडळींत मोठा रोष झाला. धर्मानंदांना जैन धर्माविषयी आदर होता, तरी ग्रंथात जे आढळले ते त्यांनी लिहिले.

ते नुसते पुस्तकांत बसणारे नव्हते. १९३० साली शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगातही गेले. अमेरिकेत असताना समाजवादाचे वाचन केले होते, मजुरांविषयी कळकळ होती. १९३७ साली मुंबईत परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, ‘बहुजन विहार’ सुरू केला. बाबासाहेबांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली त्याला तेव्हा दोन वर्षे होत होती. विहारासाठी पैसा बिर्लाशेठजींचा होता आणि धर्मानंद गांधीजींना मानणारे होते, हे लपवायचे कारण नाही. आपल्या चळवळीची आणि त्यांची वाट एक नव्हती. राजकारणात ते बाबासाहेबांच्या बाजूचे नव्हते. पण भोंग्यावर उठणाऱ्या, दोन पाळ्यांच्या मध्ये झोपणाऱ्या कष्टकऱ्यांच्या दाराशी बुद्ध नेला पाहिजे, हे त्यांना तेव्हा सुचले आणि त्यांनी ते करून पाहिले. दोनेक वर्षांनी ते तेथून सारनाथकडे निघून गेले.

शेवटची वर्षे आजारपणात गेली. शरीर कामाचे राहिले नाही, आता दुसऱ्यांवर भार होऊन का जगायचे, असे त्यांना वाटू लागले आणि जैन मुनींच्या रीतीने अन्न सोडून देह ठेवावा असा विचार त्यांनी धरला. गांधीजींनी एकदा परावृत्त केले. पण अखेर सेवाग्राम आश्रमात त्यांनी अन्न बंद केले आणि ४ जून १९४७ रोजी ते गेले. त्यांचा हा शेवट मला आजही पटत नाही. असा माणूस आणखी काही महिने अंथरुणावर पडून राहिला असता तरी त्याची शुश्रूषा करायला माणसे मिळाली असती. पण त्यांचे आयुष्य त्यांचे होते.

स्वातंत्र्याला तेव्हा अडीच महिने उरले होते. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांचे पुस्तक १९४९ साली, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाले. ज्या ‘विसुद्धिमग्गा’साठी ते १९१० साली बोटीत चढले, त्याची हार्वर्डची आवृत्ती १९५० साली छापून आली. ‘भगवान बुद्ध’चे भाषांतर साहित्य अकादमीने पुढे देशातल्या अनेक भाषांत करवले.

आणि नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली. बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली इंग्रजीत आला, त्याचे मराठी भाषांतर निघायला १९७० साल उजाडले. मधल्या वर्षांत नव्या बौद्ध घरात बाप दिवसभर राबून आला आणि रात्री कंदिलाशी बसून बुद्ध कोण होता हे आपल्या भाषेत वाचू लागला, तेव्हा हाती धरायला जी थोडी पुस्तके तयार होती, त्यात साखवाळच्या या माणसाची होती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. बातमी ऐकली तेव्हा मी विहाराच्या कपाटातून ‘भगवान बुद्ध’ची जुनी प्रत काढली. पुठ्ठा सुटला आहे, पण पाने सगळी आहेत. ज्यांना वाचायची असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर वहीत नाव लिहून न्यावी.