ज्या पोलिसांनी उषा मेहतांचा रेडिओ बंद पाडला, त्यांच्याच फायलींमुळे तो आज वाचता येतो

१२ नोव्हेंबर १९४२ची संध्याकाळ. मुंबईत गिरगावच्या पारेखवाडी इमारतीतल्या एका खोलीत ग्रामोफोनवर वंदे मातरमची तबकडी फिरत होती. खोलीत दोघंच होते. २२ वर्षांची एक मुलगी आणि तिचा सहकारी चंद्रकांत झवेरी. तेवढ्यात पोलीस दार फोडून आत शिरले आणि तबकडी बंद करायचा हुकूम झाला. मुलगी जागची हलली नाही. राष्ट्रगीत चालू आहे, सगळ्यांनी ताठ उभं राहायला हवं, असं तिने उलट पोलिसांनाच बजावलं.

त्या मुलीचं नाव उषा मेहता. ती चालवत असलेल्या केंद्राचं नाव काँग्रेस रेडिओ.

मार्च २०२४ मध्ये सारा अली खानचा ‘ए वतन मेरे वतन’ हा सिनेमा आला आणि हे नाव पुन्हा मोबाईलवर फिरायला लागलं. पण सिनेमा पाहून एक साधा प्रश्न पडायला हवा. रेडिओचा आवाज हवेत जातो आणि विरून जातो. तेव्हा ना मोबाईल होते, ना घरोघरी टेपरेकॉर्डर. मग या चोरट्या रेडिओवरून काय काय सांगितलं गेलं, हे आज आपल्याला कसं कळतं?

या प्रश्नाचं उत्तर उषा मेहतांच्या आयुष्यातच आहे.

न्यायाधीशाची मुलगी

उषा मेहतांचा जन्म २५ मार्च १९२०चा. गाव सुरतजवळचं सरस. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत न्यायाधीश. म्हणजे घरात चळवळीचं नावही काढायची सोय नव्हती.

पण १९२८ मध्ये सायमन कमिशनविरोधात देशभर निदर्शनं झाली, तेव्हा ८ वर्षांची उषाही घोषणा देत मोर्चात चालली होती. त्याआधी गांधीजींना तिने जवळून पाहिलं होतं, त्यांच्या शिबिरात सूतही कातलं होतं. १९३० मध्ये वडील निवृत्त झाले. १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं आणि घरातली अडचण सुटली. शाळकरी वयातच उषा पत्रकं वाटू लागली, तुरुंगातल्या कार्यकर्त्यांचे निरोप पोचवू लागली.

१९३९ मध्ये विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन ती पहिल्या वर्गात पदवीधर झाली. मग कायद्याचा अभ्यास सुरू केला. तो अर्धवट राहिला, कारण १९४२चा ऑगस्ट उजाडला.

वर्तमानपत्रं गप्प, मग बातमी सांगणार कोण?

८ ऑगस्ट १९४२ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव मंजूर झाला. ९ ऑगस्टची पहाट उजाडेपर्यंत गांधीजींसह सगळे मोठे नेते अटकेत होते. वर्तमानपत्रांवर निर्बंध आले. ऑल इंडिया रेडिओ तर सरकारच्याच हातात. कुठे गोळीबार झाला, कुठे लोक उठले, हे शेजारच्या जिल्ह्यालाही कळेना.

उषाबेन आणि त्यांच्या मित्रांनी ठरवलं, आपणच रेडिओ काढायचा.

बोलायला सोपं होतं, करायला महाकठीण. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द केले होते. ट्रान्समीटर बाळगणं हाच गुन्हा होता. तरीही बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी आणि चंद्रकांत झवेरी पुढे आले. यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञांची मदत शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींकडून मिळाली. गांधीजींच्या सभांना ज्यांचे लाउडस्पीकर असत, ते हेच मोटवानी. पुढे राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांच्यासारख्या भूमिगत नेत्यांची साथ लाभली.

२७ ऑगस्ट १९४२ला ४२.३४ मीटरवर, म्हणजे साधारण ७ मेगाहर्ट्झवर, काँग्रेस रेडिओ पहिल्यांदा वाजला. ही शॉर्टवेव्ह. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात, त्यामुळे लहानशा यंत्राचा आवाजही फार लांब जाऊ शकतो. केंद्र कुठे आहे हे मात्र कधीच सांगितलं जात नसे. भारतात कुठेतरी, एवढाच पत्ता.

सरकारी माध्यमांनी दाबलेल्या बातम्या इथे मिळू लागल्या. चितगावावरचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातला उठाव. विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरमध्ये झालेल्या अत्याचारांचं सविस्तर वर्णनही याच रेडिओवरून देशाला ऐकवलं गेलं.

रोज पोलिसांची गाडी मागावर

रेडिओ केंद्र शोधून काढायची एक पद्धत असते. दिशा ओळखणारा अँटेना घेऊन दोन वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहायचं. आवाज कुठून येतोय त्या दोन रेघा नकाशावर ओढायच्या. रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे ट्रान्समीटर.

यावर एकच उपाय होता, बिऱ्हाड बदलत राहायचं. चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, वाळकेश्वरचा रतन महाल, महालक्ष्मीजवळचा पॅराडाइज बंगला आणि शेवटी गिरगावातली पारेखवाडी. प्रसारण थोडक्यात आटपायचं. पुढे आवाज तबकडीवर भरायची जागा वेगळी आणि तो हवेत सोडायची जागा वेगळी, अशी व्यवस्था झाली.

म्हणजे ध्वनिमुद्रण होत होतं. पण ते पुढच्या पिढ्यांसाठी नव्हतं, पकडले जाऊ नये म्हणून होतं. जिथे उद्याची खात्री नाही, तिथे पन्नास वर्षांनंतरचा विचार कोण करणार?

त्याच महिन्यांत मुरबाडच्या डोंगरात

मुंबईत हा आवाज घुमत होता, त्याच सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात भाई कोतवालांचं आझाद दस्ता मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडत होतं. आज आसनगाव स्टेशनला उतरून शहापूर गाठलं की शेजारचा तालुका मुरबाड. तिथल्या सिद्धगडच्या जंगलात २ जानेवारी १९४३ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जमतात आणि ती आठवण जागती ठेवतात.

सिद्धगडाला किमान जागा आहे, स्मारक आहे. तिथे जाऊन डोकं टेकवता येतं. रेडिओचं तसं नसतं. त्याचं स्मारक बांधायचं कुठे?

ऐकणारे दोन प्रकारचे होते

काँग्रेस रेडिओ चोरून ऐकणारी जनता होती. दार लावून, आवाज बारीक करून ऐकायचं आणि सकाळी कानोकान पुढे सांगायचं. यातलं कोणी काही लिहून ठेवेल अशी शक्यता कमी, कारण तो कागद सापडला तर तुरुंगच.

आणखी एक श्रोता मात्र रोज न चुकता ऐकत होता. तो म्हणजे सरकार. सरकारची माणसं ४२.३४ मीटरवर कान लावून बसत आणि जे ऐकू येईल ते कागदावर उतरवून घेत. हेतू उघड होता. कोण बोलतंय, काय भडकावतंय, हे वरच्यांना कळायला हवं होतं. उद्या खटला उभा राहिला तर पुरावाही लागणार होता.

ते कागद सरकारी फायलींत गेले. फाईल एकदा बंद झाली की कपाटात पडून राहते, आणि पडून राहिल्यामुळेच ती टिकते. १९८४ मध्ये गौतम चटर्जी यांनी काँग्रेस रेडिओची गुप्त प्रसारणं पुस्तकात आणली. २०२१ मध्ये मणिभवनच्या अध्यक्ष उषा ठक्कर यांनी याच सरकारी कागदपत्रांच्या आधारे काँग्रेस रेडिओवर सबंध पुस्तक लिहिलं. उषाबेन आणि सहकाऱ्यांनी त्या संध्याकाळी काय सांगितलं, ते आपण आज वाचू शकतो ते मुख्यतः त्यांना पकडायला निघालेल्या माणसांनी लिहून ठेवलं म्हणून.

पकडल्यावर एक शब्द नाही

शेवटी घात झाला तो आतूनच. पोलिसांच्या हाती लागलेल्या एका तंत्रज्ञाने माहिती दिली. १२ नोव्हेंबरला आधी बाबूभाईंच्या कार्यालयावर धाड पडली. उषाबेन तिथेच होत्या. आईचं निमित्त सांगून त्या निसटल्या, सहकाऱ्यांना सावध केलं आणि पळून जाण्याऐवजी पारेखवाडीत जाऊन ठरलेला कार्यक्रम पार पाडला. तो शेवटचा.

पोलिसांनी यंत्रसामग्री नेलीच, शिवाय काँग्रेस अधिवेशनांची छायाचित्रं आणि बोलपट असलेल्या २२ पेट्याही जप्त केल्या.

मग सहा महिने चौकशी. एकांतवास. परदेशी शिक्षणाचं आमिषही दाखवलं गेलं, बदल्यात सहकाऱ्यांशी दगा करायचा. उषाबेन काही बोलल्या नाहीत. खटला उभा राहिला तेव्हा, उत्तर देणं मला बंधनकारक आहे का, एवढंच त्यांनी न्यायाधीशांना विचारलं. नाही, असं समजल्यावर स्वतःला वाचवण्यासाठीसुद्धा आपण उत्तर देणार नाही, असं सांगून त्या गप्प बसल्या.

अडीच महिने देशाशी बोलणाऱ्या मुलीने सरकारशी बोलायला नकार दिला. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. आणखी दोघांना शिक्षा झाली, तर विठ्ठलभाई झवेरी आणि नानक मोटवानी सुटले.

येरवड्यात उषाबेनची तब्येत ढासळली. जे.जे. रुग्णालयात हलवलं, तर तिथेही खाटेभोवती पोलिसांचा पहारा. मार्च १९४६ मध्ये मोरारजी देसाईंच्या आदेशाने त्यांची सुटका झाली.

नंतरची ५४ वर्षं

सुटल्यावर राजकारणात उतरण्याएवढी तब्येत राहिली नव्हती. १५ ऑगस्ट १९४७चा सोहळाही अंथरुणावरच गेला. पण बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा अभ्यासाला बसल्या, गांधीजींच्या विचारांवर मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि अनेक वर्षं प्राध्यापकी केली. आयुष्यभर खादी आणि साधेपणा. लग्न करायचं नाही, हा तरुणपणी केलेला निश्चयही शेवटपर्यंत पाळला. मणिभवन हे गांधीजींचं मुंबईतलं घर संग्रहालय म्हणून उभं आहे, तिथल्या कामातही त्या होत्या.

त्यांचे सहकारी विठ्ठलभाई झवेरी यांनी पुढे काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. त्यांनी गांधीजींची छायाचित्रं आणि चित्रफिती गोळा केल्या आणि त्यातून १९६८ मध्ये ‘महात्मा’ हा पाच तासांहून लांब माहितीपट तयार केला. ज्या टोळीला स्वतःचा आवाज जपता आला नाही, तिच्यातल्या एकाने गांधीजींचं चित्र आणि आवाज जपायला आयुष्य दिलं.

उषाबेनचा स्वतःचा आवाजही अखेर नोंदला गेला. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राच्या संग्रहात त्यांची मुलाखत आहे. १९४२चे शब्द पोलिसांच्या कागदावर आणि त्यामागची गोष्ट मुलाखतींमध्ये, अशा दोन तुकड्यांतून हे प्रकरण आपल्यापर्यंत पोचलं.

१९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. ९ ऑगस्ट २०००ला अंगात ताप असतानाही त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर गेल्या. ते आपलं जुनं गवालिया टँकच. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, ८०व्या वर्षी त्या गेल्या.

एकच तारीख, दोन नशिबं

१२ नोव्हेंबर ही तारीख भारतीय रेडिओच्या इतिहासात दुसऱ्या कारणासाठी प्रसिद्ध आहे. १९४७ मध्ये याच दिवशी गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले आणि कुरुक्षेत्रातल्या निर्वासितांशी बोलले. तेवढी एकच भेट. म्हणून १२ नोव्हेंबर हा लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळला जातो. ते भाषण ध्वनिमुद्रित झालं, जपलं गेलं, आजही ऐकता येतं. बरोबर पाच वर्षांआधी त्याच तारखेला बंद पडलेल्या काँग्रेस रेडिओच्या वाट्याला मात्र पोलिसांची फाईल आली.

प्रसारण जपणं हे जगभर असंच नशिबावर राहिलं आहे. बीबीसीसारख्या संस्थेनेही १९६० आणि ७०च्या दशकांत कितीतरी टेप पुसून पुन्हा वापरल्या. ‘डॉक्टर हू’ मालिकेचे अनेक भाग त्यात गेले. त्यांचा निदान आवाज वाचला, कारण काही चाहत्यांनी तेव्हा टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवला होता.

म्हणजे जपणारा कोण निघेल, हे आधी सांगता येत नाही. कधी चाहता, कधी शत्रू. आसनगावपासून गिरगावपर्यंत कितीतरी घरांच्या माळ्यावर आकाशवाणीवरून भरून घेतलेल्या कॅसेट असतील. आपल्याकडच्या पावसाळी हवेत टेपला बुरशी धरते, म्हणून त्या कोरड्या जागी ठेवायला हव्यात आणि चालतायत तोवर कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला हव्यात. वर कार्यक्रमाचं नाव आणि तारीख लिहिली तर आणखी उत्तम. १९४२च्या त्या सरकारी कारकुनांनी तेवढंच केलं होतं. ऐकलं ते लिहिलं आणि फाईलला लावलं.