एरंडेल विकणारा लॉर्ड

आम्हा मेकॅनिकलवाल्यांना ऑटो पाठ असतो, डिझेल पाठ असतो, कारण व्हायवाला तेच विचारतात. पण इंजिनात कोणतं तेल घालायचं यावर आयुष्य घालवलेल्या माणसाचं नाव कुणी विचारत नाही. म्हणून या अंकासाठी मी चार्ल्स चिअर्स वेकफिल्ड यांना निवडलं. मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा माझं मराठी जरा सांभाळून घ्या!

वेकफिल्ड यांचा जन्म १८५९ चा, लिव्हरपूलचा. वडील कस्टम्समध्ये नोकरीला होते. स्वतः वेकफिल्ड व्हॅक्यूम ऑइल कंपनीत काम करत होते. १८९९ मध्ये, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ती नोकरी सोडली, आठ सहकारी बरोबर घेतले आणि लंडनमध्ये चीपसाइडला स्वतःची कंपनी काढली. गिऱ्हाईक कोण? तर रेल्वे आणि जड यंत्रं.

तेवढ्यात मोटारी आल्या, पाठोपाठ विमानं आली आणि तेलाचं गणितच बदललं. थंडीत इंजिन सुरू करताना तेल वाहिलं पाहिजे आणि तेच तेल इंजिन तापल्यावर पाण्यासारखं पातळ होता कामा नये. रस्त्यात मोटार बंद पडली तर माणूस ढकलतो तरी. हवेत इंजिन जाम झालं तर काय ढकलणार? वेकफिल्ड यांच्या माणसांनी खनिज तेलात एरंडेल मिसळून पाहिलं आणि ते जमलं. कॅस्टर ऑइलवरून त्याला नाव दिलं कॅस्ट्रॉल. साल होतं १९०९.

तुम्ही म्हणाल, हे काय एरंडाचं गुऱ्हाळ लावलंय! पण थांबा. त्याच सुमारास फ्रान्समध्ये नोम कंपनीचं रोटरी इंजिन आलं. त्यात क्रँकशाफ्ट स्थिर राहायचा आणि सगळे सिलिंडर त्याच्याभोवती गरगर फिरायचे. पेट्रोलची वाफ क्रँककेसमधूनच जायची, अगदी आपल्या टू-स्ट्रोकसारखी. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळतं, त्यामुळे ते बेअरिंगवरून धुऊन निघालं असतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, शिवाय धातूला घट्ट चिकटून राहतं. म्हणून त्या इंजिनांना शुद्ध एरंडेलच लागायचं. पहिल्या महायुद्धात त्याची मागणी इतकी वाढली, की भारतातून जाणारी एरंडी पुरेना आणि अमेरिकेने स्वतःकडे मुद्दाम एरंडाची लागवड करून घेतली.

वेकफिल्ड १९१५-१६ मध्ये लंडनचे लॉर्ड मेयर झाले, पुढे लॉर्डही झाले. पण मला ते आवडतात ते एमी जॉन्सनमुळे. ही सव्वीस वर्षांची मुलगी लंडनमध्ये वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करायची आणि विमान दुरुस्तीचं ग्राउंड इंजिनियरचं लायसन्स मिळवून बसली होती. तिला एकटीने ऑस्ट्रेलियाला उडत जायचं होतं. विमानाचे पैसे तिच्या वडिलांनी आणि वेकफिल्ड यांनी मिळून भरले. ५ मे १९३० ला ती क्रॉयडनहून निघाली. कराची, झाशी, कलकत्ता करत रंगूनजवळ इनसीनला एका टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या मैदानावर उतरली, तर विमान खड्ड्यात गेलं. तिथल्याच लोकांच्या मदतीने ते दुरुस्त झालं आणि २४ मे रोजी ती डार्विनला पोचली.

वेकफिल्ड व्यापारी होते. विक्रम म्हणजे तेलाची जाहिरात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या जाहिरातीची किंमतही त्यांनी पाहिली. एमी पोचल्यावर तीनच आठवड्यांनी, १३ जून १९३० ला, त्यांच्याच मिस इंग्लंड टू या बोटीवर वेगाचा विक्रम करताना हेन्री सीग्रेव्ह गेले. १९४१ च्या जानेवारीत एमी टेम्सच्या मुखाशी विमान अपघातात गेली आणि दहा दिवसांनी वेकफिल्डही गेले.

आता आपल्याकडे येऊ. एरोमॉडेलिंगची आमची टीम जे छोटं ग्लो इंजिन वापरते, ते टू-स्ट्रोकच आहे. त्याचं इंधन मिथेनॉल. त्यात खनिज तेल विरघळतच नाही, म्हणून भांडण एरंडेल विरुद्ध सिंथेटिक असं असतं. एरंडेल जास्त तापलं तरी साथ सोडत नाही आणि गंजापासूनही वाचवतं, पण आत चिकट थर बसवतं. सिंथेटिक इंजिन स्वच्छ ठेवतं, पण मिश्रणात इंधन कमी पडून इंजिन फार तापलं तर ते आधी हार मानतं. पेट्रोलवर चालणाऱ्या मायक्रोलाइट विमानांत हाच वाद खनिज विरुद्ध सिंथेटिक असा होतो. सिंथेटिकने कार्बन कमी साचतो, पिस्टन रिंग मोकळ्या राहतात. पण विमान महिनोन्‌महिने हँगरमध्ये उभं राहणार असेल, तर गंजाचा विचार आधी करावा लागतो.

म्हणून टीममध्ये कोणतं तेल भारी यावर तास घालवू नका. इंधन कोणतं, तेल कुठून जातं, इंजिन किती तापतं आणि किती दिवस पडून राहतं, हे चार प्रश्न आधी विचारा. मग इंजिनचं मॅन्युअल उघडा, त्यात सांगितलेलं तेल घ्या आणि दोन प्रकारची तेलं एकत्र करू नका. महाग डबा दिसला म्हणून उचलू नका, स्वस्त मिळाला म्हणूनही नको.