पंडिता रमाबाईंची पहिली शाळा

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे ख्रिस्ती घर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळाच्या तोंडातून वाचविलेल्या शेकडो मुली, आणि मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून केलेले सोप्या मराठीतील बायबल, ही त्यांची कामे आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा सांगण्यात येतात. परंतु ही थोर बाई घडली कोठे व तिला घडविले कोणी, याचा विचार फारसा होत नाही. म्हणून आज आम्ही वाचकांचे लक्ष त्यांच्या बाळपणाकडे वेधू इच्छितो.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील विद्वान ब्राह्मण. विद्यार्थिदशेत ते पुण्यास असता, आपले गुरू पेशव्यांच्या वाड्यात एका स्त्रीस संस्कृत शिकवितात हे त्यांच्या दृष्टीस पडले, आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असा त्यांनी निश्चय केला. त्या काळी स्त्रीच्या हाती संस्कृत विद्या देणे म्हणजे मोठा अधर्म समजत. घरच्या व जातीच्या लोकांनी विरोध केला, तेव्हा शास्त्रीबोवा पत्नी लक्ष्मीबाईंस घेऊन सह्याद्रीवरील गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तेथेच पती गुरू झाला व पत्नी शिष्या झाली; आणि तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

मूल सहा महिन्यांचे झाले नाही तोच कुटुंबाने घर सोडले. वेताच्या पेटीत निजविलेल्या रमाबाईंस एका सेवकाने डोक्यावर घेऊन डोंगराखाली आणिले. पुढे कित्येक वर्षे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरले. स्थिर घर नाही, शाळा नाही, पंतोजी नाही. वडील वृद्ध झालेले व त्यांची दृष्टी अधू होत चाललेली. म्हणून रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या तेव्हा त्यांना शिकविण्याचे काम आईने आपल्याकडे घेतले.

त्या माउलीस दिवसा उसंत ती कोठली? स्वयंपाक, मुलांचे करणे, आल्यागेल्याचा पाहुणचार यांत दिवस सरे. मोकळा वेळ एकच होता, तो पहाटेचा. पाखरे जागी होण्याच्या सुमारास लक्ष्मीबाई झोपेने जड झालेल्या लेकीस उठवीत, आणि जवळ घेऊन, गोड शब्दांनी गोंजारून तिची झोप घालवीत. मग श्लोकामागून श्लोक तोंडाने सांगावा आणि मुलीने तो म्हणावा, असा पाठ चाले. सुमारे सात वर्षे हा क्रम चालला. तेवढ्यात रमाबाईंस हजारो श्लोक मुखोद्गत झाले. आणि त्याहून मोठी गोष्ट ही की, पुढील अभ्यास आपला आपण करण्याची शक्ती त्यांच्या बुद्धीस आली.

या आईबापांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी थोरल्या मुलीचे लग्न रूढीप्रमाणे लहानपणीच करून दिले, व ते सुखाचे झाले नाही. मात्र लोक काय म्हणतील या भीतीने तीच चूक त्यांनी दुसऱ्यांदा केली नाही. रमाबाईंचे लग्न त्यांनी बाळपणी केलेच नाही.

परंतु त्यांच्या शिक्षणात एक उणीव राहिली, तीही सांगितली पाहिजे. मुलांना विद्या मिळाली, पण हाताने काम करून पोट भरण्याचे शिक्षण मिळाले नाही. १८७४ पासून दुष्काळाचे दिवस आले, जवळचे सारे सरले. मजुरी करण्याची सवय नाही व भीक मागण्यास मन घेईना. वडील, आई व थोरली बहीण पाठोपाठ मरण पावली. अंतकाळी आंधळ्या पित्याने धाकट्या लेकीस उराशी धरिले, तिला देवाच्या हाती सोपविले, आणि जन्मभर देवाचीच सेवा कर असे सांगितले. ज्या प्रभूला पिता ओळखत नव्हता, त्याच्याच चरणी लेकीने पुढे ते सांगणे पुरे केले.

पुढील हकिकत वाचकांस ठाऊकच आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वैधव्य आले; १८८३ साली इंग्लंडात त्यांचा व चिमुकल्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. १८८७ साली अमेरिकेत छापलेले हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील पुस्तक त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन निघाले. पुढे केडगावी मुलींस अक्षरांबरोबर छापखाना, विणकाम, शेती ही कामेही शिकविण्यात आली. आईबापांकडून जे मिळाले ते बाईंनी शेकडो पोरक्या मुलींस वाटले, आणि जे मिळाले नव्हते त्याचीही भर घातली. मनोरमाबाई मोठ्या होऊन आईच्या सेवेत उजव्या हाताप्रमाणे झाल्या. १९२१ साली त्या प्रभूकडे गेल्या, व ५ एप्रिल १९२२ रोजी आईही गेली.

प्रिय वाचकहो, लक्ष्मीबाईंस प्रभूची ओळख नव्हती, तरी लेकीसाठी त्यांनी आपली झोप मोडली. मग प्रभूला ओळखणाऱ्या आपण काय करितो? मुले उपदेशकाने शिकवावी, शाळेने सुधारावी असे म्हणून आपण मोकळे होतो. घरी मात्र मुलास हाक मारितो ती काम सांगण्यास किंवा रागे भरण्यास. उपदेशक बंधूंनो, दहा घरी वचन सांगून थकून आल्यावर स्वतःच्या लेकरापाशी घटकाभर बसणे आपल्याकडून होते काय? तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस व आई युनिके यांच्या ठायी होता, हे पौल त्याला विसरू देत नाही.

आईस अक्षर येत नसले तरी चिंता नाही. चुलीपाशी, शेताच्या वाटेवर, निजताना एक वचन तोंडाने सांगता येते. मारापेक्षा मायेने जागे केलेले मूल लवकर शिकते. त्याबरोबर मुलास, व मुलीसही, हाताचे काम शिकवावे. आणि आपल्या घरच्या वागणुकीत काही चुकले असे दिसून आले, तर शास्त्रीबोवांप्रमाणे ते बदलण्यास लाजू नये.

आपल्या प्रत्येक घरात अशी एक पहाट उगवो, आणि आपली लेकरे प्रभूच्या ज्ञानात वाढोत, हीच आमची प्रार्थना.