नारायण मेघाजी लोखंडे

पुणे जिल्ह्यातील ज्या खेड तालुक्यात आज चाकणचे कारखाने उभे आहेत, त्याच तालुक्यात कन्हेरसर नावाचे गाव आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांचे घराणे मूळचे तेथले. त्यांचा जन्म मात्र १८४८ साली ठाण्यास झाला. घरच्या गरिबीमुळे शिक्षण बेताचेच झाले. रेल्वेत व टपालखात्यात नोकरी करून पुढे ते मुंबईच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले.

गिरणीतील देखावा मोठा करुण होता. स्त्रिया, पुरुष आणि तुमच्याहून लहान मुलेही दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रांपुढे उभी असत. आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. पगार वेळेवर होत नसे. यंत्रात सापडून एखाद्याचा हात गेला, तर त्याची विचारपूस करणारे कोणी नव्हते.

लोखंडे हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. जन्माने कोणी हलका नाही, हा तेथे शिकलेला विचार त्यांनी गिरणीच्या दारापर्यंत नेला. १८८० पासून ते मुंबईत 'दीनबंधु' पत्र चालवू लागले. २३ सप्टेंबर १८८४ रोजी त्यांनी परळ येथे मजुरांची सभा भरविली. रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार आणि जखमी मजुरास मदत, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्या काळी गरिबास मताचा अधिकार नव्हता. राष्ट्रीय सभासुद्धा अजून जन्मास यावयाची होती. ज्यांना कोणी कधी काही विचारले नव्हते, ती माणसे प्रथमच आपले म्हणणे एकत्रितपणे सरकारपुढे मांडीत होती.

मालकांनी सहा वर्षे दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हे! अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली आणि पुढच्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्याने साप्ताहिक सुटीस आधार मिळाला. (पिंपरी-चिंचवडकडील अनेक कारखाने गुरुवारी बंद असतात, तेथे वार तेवढा निराळा.)

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हा सलोख्यासाठी लोखंडे पुढे आले. १८९७ साली प्लेगाने शहर ग्रासले. घाबरलेले लोक गावोगाव निघून जात होते. लोखंडे मागे राहिले व रुग्णांच्या मदतीस धावले. त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.