व्हर्नी आणि मोल्सवर्थ

सेकंड इयरच्या उन्हाळी सुट्टीत ट्रेनिंगसाठी मी पुण्याला एका कारखान्यात गेलो होतो. लेथजवळ उभा असताना लोखंडाचा बारीक कण उडून डोळ्यात गेला. डोऱ्यात काहीतरी गेलं म्हणून मी ओरडलो. सोबतची दुसऱ्या कॉलेजची पोरं आधी हसली, मग पाणी घेऊन आली. त्या दिवसापासून माझं नाव पडलं ‘व्हर्नी’. म्हणजे व्हर्नाक्युलर, मराठी मीडियमवाला.

आता मी आरमोरीकडचा. आमच्या झाडीबोलीत ळ नाही आणि ण पण नाही. डोळा म्हणजे डोरा, पाणी म्हणजे पानी. शाळेत गुरुजींनी लिहिताना सुधारलं, पण घाबरल्यावर माणूस घरचंच बोलतो ना!

हॉस्टेलवर परत आलो तर रूममध्ये सिनिअरनं सोडून गेलेलं जीआरईचं शब्दांचं पुस्तक पडलं होतं. चाळता चाळता त्यातल्या लॅटिन धातूंची गोडी लागली. मग एक दिवस लायब्ररीतल्या मोठ्या डिक्शनरीत मी मुद्दाम ‘व्हर्नाक्युलर’ काढून पाहिला. मूळ लॅटिन शब्द ‘व्हर्ना’. अर्थ, मालकाच्याच घरात जन्मलेला गुलाम! त्यावरून घरचं, देशी, आणि शेवटी देशी भाषा. आमचे आजोबा व्हर्नाक्युलर फायनल पास होते आणि घरात सगळ्यांना त्याचा केवढा अभिमान. त्या शब्दाच्या पोटात काय आहे ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच कपाटाच्या खालच्या खणात धूळ खात पडलेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मला सापडला. दोन-दोन रकान्यांची नऊशेच्या वर पानं. हा मोल्सवर्थ कोण, म्हणून शोधायला लागलो आणि त्यातच गुंतलो.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ 1795 साली जन्मला. 1812 साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अगदी खालचा अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आला. वय सोळा-सतरा, म्हणजे आपण अकरावी-बारावीत असतो तेवढं. जीआरईच्या यादीत एक शब्द आहे, पेरेग्रिनेशन. लॅटिनमध्ये ‘पेर’ म्हणजे पलीकडे आणि ‘आगेर’ म्हणजे शेत. आपल्या शेताच्या पलीकडे गेलेला तो परदेशी, आणि त्याची भटकंती म्हणजे पेरेग्रिनेशन. मोल्सवर्थची अवस्था तीच होती. फरक इतकाच की इथली भाषा न येण्याची लाज त्यानं मनाला लावून घेतली नाही, तो विचारत सुटला.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि मराठी मुलखाचा कारभार इंग्रजांच्या हातात आला. भाषा येत नसेल तर सारा कसा वसूल करणार, न्याय कसा देणार? म्हणून सरकारलाही कोश हवा होता. हे विसरून चालणार नाही. पण मोल्सवर्थनं केलं ते सरकारच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे दोघे भाऊ आणि मराठी पंडित सोबत घेऊन त्यानं शब्द गोळा केले. पहिला कोश 1831 साली मुंबईत छापला गेला. पाठोपाठ त्यानं इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला, पण तब्येत ढासळली आणि 1836 मध्ये त्याला मायदेशी जावं लागलं. ते काम थॉमस कँडीनं पुरं केलं, 1847 मध्ये.

एखादा म्हणाला असता, झालं आपलं काम! पण सरकारनं बोलावलं तेव्हा 1851 च्या सुमारास हा माणूस पन्नाशी उलटल्यावर पुन्हा जहाजानं इकडे आला आणि आपलाच कोश पहिल्यापासून तपासायला बसला. 1857 साली, इकडे बंड पेटलं त्याच वर्षी, दुसरी आवृत्ती निघाली. शब्द साठ हजारांच्या आसपास! लूक्युब्रेशन नावाचा एक अवघड शब्द आहे, दिव्याच्या उजेडात रात्री बसून केलेला अभ्यास. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण करतो ते नव्हे. वर्षानुवर्षं चालतं ते.

कोश उघडून बघा. शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी, त्याची खूण आहे. म्हणी आहेत, वाक्प्रचार आहेत. पोथीतला शब्द आहे तसा बायाबापड्यांच्या तोंडचाही आहे. शरीराच्या अवयवांचे उघडेवाघडे शब्दसुद्धा त्यानं गाळले नाहीत, फक्त त्यांचा अर्थ इंग्रजीऐवजी लॅटिनमध्ये दिला! (हे वाचून लायब्ररीत गर्दी होईल, याची मला कल्पना आहे.) गंमत म्हणजे त्याचं इंग्रजी इतकं लॅटिनमय की अर्थ कळायला मला दुसरी डिक्शनरी घेऊन बसावं लागतं. अजूनही जुनी मराठी वाचणाऱ्याचं त्याच्याशिवाय भागत नाही. 1975 मध्ये पुण्यात त्याचं पुनर्मुद्रण झालं ते उगीच नाही.

दोन गोष्टी मात्र मला खटकतात. कोशावर नावं मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंची. ज्या पंडितांनी शब्द आणून दिले त्यांची नावं मुखपृष्ठावर नाहीत. आणि दुसरं, त्याचं काम मुख्यतः मुंबई इलाख्यातलं. आपला चांदा तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होता, 1854 मध्ये इंग्रजांकडे गेला. पहिला कोश झाला तेव्हा आमच्या बोडीपर्यंत, बांधीपर्यंत कुणी वही घेऊन पोचायचं कारणच नव्हतं.

म्हणून या दिवाळीत मी घरी शंभर पानी वही घेऊन गेलो. आजीला विचारत सुटलो. पऱ्हे, रोवणी, मोवा, टोरी... पहिल्या दिवशी ती लाजली. आमचं गावंढळ बोलणं कशाला लिहतोस म्हणाली. तिसऱ्या दिवशी तीच मला हाका मारून शब्द सांगायला लागली.

आणि खरं सांगतो, वही भरताना माझीच मला शरम वाटली. माझा रूम पार्टनर भामरागडकडचा, घरी माडिया बोलतो. फोनवर तो आईशी बोलायला लागला की आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा. पुण्यात मला जे बोचलं तेच मी रूममध्ये करत होतो.

परवा मी त्याला डोळ्याला माडियात काय म्हणतात ते विचारलं. आधी त्यानं संशयानं माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करतोय का म्हणून. मग वही स्वतःकडे ओढून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. त्या पानावर मी त्याचं नाव टाकलंय.