मराठी घरातील हिंदी कवी : गजानन माधव मुक्तिबोध

गजानन माधव मुक्तिबोध हे नाव हिंदीच्या तासाला प्रथम कानी पडले की आपल्याकडील विद्यार्थी हमखास विचारतो, हे गृहस्थ मराठी की हिंदी? प्रश्न रास्त आहे. घराणे मूळ खानदेशातील जळगावचे. पणजोबा ग्वाल्हेर संस्थानात गेले आणि कुटुंब तिकडचेच झाले. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात होते. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे गजाननरावांचा जन्म झाला. घरात मराठी, दारात हिंदी! धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीकडे वळले व ‘नवी मळवाट’चे कवी झाले, थोरल्याने हिंदी धरली. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषांच्या नवकाव्यात स्वतःची वाट पाडावी, असे उदाहरण विरळाच.

वडिलांच्या बदल्यांमुळे शिक्षणाची आबाळ झाली. १९३० साली मिडलच्या परीक्षेत अपयश आले. १९३८ मध्ये इंदूरच्या होळकर कॉलेजातून ते बी. ए. झाले. पुढल्याच वर्षी घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी शांताबाईंशी विवाह केला. त्यानंतर बडनगर, शुजालपूर, उज्जैन अशी मास्तरकीची भटकंती सुरू झाली. १९४३ मध्ये अज्ञेयांनी संपादिलेला ‘तार सप्तक’ निघाला. त्यातील सात कवींपैकी मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठी भाषक होते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

१९४८ साली ते नागपूरला आले आणि तेथे दहा वर्षे राहिले. त्या वेळी नागपूर ही जुन्या मध्यप्रदेशची राजधानी, आणि आपला यवतमाळ जिल्हाही त्याच राज्यात. सरकारी माहिती खाते, आकाशवाणी, ‘नया खून’ साप्ताहिक असे त्यांचे उंबरठे बदलत गेले. ओढग्रस्त मात्र बदलली नाही. वयाची पस्तिशी ओलांडल्यावर त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली. आपली महाविद्यालये १९८३ पर्यंत त्याच विद्यापीठाशी संलग्न होती, तेव्हा त्यांना परके म्हणण्याचे आपल्याला कारण नाही.

पदवीमुळेच १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. महाविद्यालय जुन्या राजवाड्यात, शेजारी तलाव, राहायला वाड्याचाच एक भाग. थोडे स्थैर्य लाभले, आणि त्यांच्या प्रदीर्घ कवितांना बहर आला. ‘अँधेरे में’ या कवितेत रात्री एक मिरवणूक निघते. तीत लष्करासोबत पत्रकार, कवी, मंत्री आणि शहरातला कुख्यात गुंडही चालतो. टिळकांच्या पुतळ्याच्या नाकातून रक्त ठिबकते, गांधीजी कवीच्या हाती एक बालक सोपवतात. नागपुरातील एम्प्रेस मिलच्या कामगारांवरील गोळीबाराचे पडसाद अभ्यासकांना या कवितेत ऐकू येतात. कविता दुर्बोध आहे, हे खरे. परंतु ही दुर्बोधता मिरवण्यासाठी नाही. सुशिक्षित मध्यमवर्ग भीतीपोटी कसा गप्प बसतो, हे सांगताना कवी स्वतःलाही सोडत नाही, म्हणून वाट अवघड झाली आहे.

या शिक्षकाच्या वाट्याला एक विलक्षण घाव आला. ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पुस्तक. त्याविरुद्ध ओरड झाली आणि सप्टेंबर १९६२ मध्ये मध्यप्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. एखाद्या कवितेवर नव्हे, तर मुलांच्या क्रमिक पुस्तकावर आलेली ही बंदी त्यांच्या फार जिव्हारी लागली. ज्या भयाचे चित्र ते कवितेत रेखाटत होते, तेच आता दारात उभे होते.

फेब्रुवारी १९६४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. भोपाळला उपचार झाले. मग लेखकमित्रांच्या खटपटीने त्यांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नेले. बेशुद्धावस्थेतच ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे सेहेचाळीस. हयातीत स्वतःचा एकही काव्यसंग्रह त्यांनी पाहिला नाही. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ निघाला तो त्याच वर्षी, मृत्यूनंतर. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांनी सहा खंडांत रचनावली सिद्ध केली, तेव्हा या माणसाने किती लिहून ठेवले होते ते वाचकांना कळले.

ज्यांना वाचावेसे वाटेल त्यांनी प्रथम ‘एक साहित्यिक की डायरी’ हाती घ्यावी, तिचे गद्य गप्पांसारखे आहे. नंतर ओसाड विहिरीत बसून अंगाचा न सुटणारा मळ घासणारा ‘ब्रह्मराक्षस’ वाचावा. ‘अँधेरे में’ त्यानंतर, आणि शक्यतो दोघातिघांनी मिळून.